विरुद्ध बाजूचा अभिप्राय

पाकीट साधंच होतं. संघटनेचा शिक्का मारलेली अशी पाकिटं तिच्या टेबलावर महिन्याला चार-पाच येत आणि तिची ज्युनिअर ती फोडून, वाचून, बहुतेक वेळा टाकूनही देई. याच्यावर मात्र 'गोपनीय, स्वतः उघडावे' असं लिहिलेलं, म्हणून ज्युनिअरनं ते तिच्या चष्म्याच्या डबीला टेकवून उभं केलं होतं. सकाळच्या तारखा उरकून ती चेंबरमध्ये आली, काळा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला, पाकीट फोडलं आणि पहिल्याच पानावरचं नाव वाचून बसायचं विसरली. नाव घुम्याचं होतं. कागदावर अर्थात ते पूर्ण होतं, पुढेमागे पदव्या होत्या; पण कौटुंबिक न्यायालयाच्या तीन मजल्यांवर त्याला त्या नावानं फारसं कुणी ओळखत नसे. कोर्टात तो लागेल तेवढंच बोले, आणि कोर्टाबाहेर तेवढंही नाही. यानं बायकोला लग्नाची मागणीसुद्धा नोटीस पाठवूनच घातली असणार, असं बाररूममध्ये गमतीनं म्हणत. तीही हसायची. तेरा वर्षांपूर्वीपर्यंत.

नवराबायकोंचे, मुलांच्या ताब्याचे खटले चालवणाऱ्या वकिलांची ती संघटना दर वर्षी आपल्यातल्याच एकाचा सन्मान करी. मतं द्यायची वकिलांनीच; न्यायाधीश नाहीत, पक्षकार नाहीत. नियम एकच, पण जबर: ज्याचं नाव सुचवलं असेल त्याच्या विरुद्ध बाजूनं उभ्या राहिलेल्या तीन वकिलांचे अभिप्राय हवेत. मित्र काय, कुणाबद्दलही गोडच बोलतात. पानं पाच होती. तयारी कशी असते, शब्द पाळतात का, समोरच्या पक्षकाराशी कसे वागतात. ती पेन उघडून सवयीनं भरत गेली. 'आपण यांच्याविरुद्ध किती प्रकरणांत उभे राहिलात?' या रकान्यात तिनं सोळा लिहिलं आणि थांबली. सोळा वेळा ती कोट घालून उभी राहिली होती. सतराव्या वेळी कोट नव्हता. ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होती, साडीची निरी एका बाजूला कलली आहे हे तिला जाणवत होतं आणि ती सरळ करायला हात मोकळा नव्हता. पुढच्या पानावर ठळक अक्षरांत होतं: 'यांच्या सचोटीचा आपण स्वतः पाहिलेला एक प्रसंग लिहा. प्रसंगाशिवाय अभिप्राय ग्राह्य धरला जाणार नाही.' तिला माहीत होता तो प्रसंग. वकिलांत तो तिलाच माहीत होता, तिला आणि घुम्याला. पेनाचं टोपण लावून तिनं कागद उलटे ठेवले आणि ज्युनिअरला म्हणाली, "दुपारची तारीख तू घे आज."

"मी? एकटी?"

"मुदत तर मागायचीय. मुदत मागायला काय दोघी लागतात?"

दुपारी संघटनेच्या चिटणिसाचा फोन आला. बोलघेवडा माणूस, याच्याकडे फोन करायचं काम कुणी दिलं हा प्रश्नच पडत नसे. "बाई, पोचलं ना पाकीट? बाकी दोघांचे अभिप्राय आलेत. त्यातल्या एकानं प्रसंगाच्या जागी 'अत्यंत वक्तशीर आहेत' एवढंच लिहिलंय. आता वक्तशीर तर आमच्या भिंतीवरचं घड्याळही आहे. सगळी भिस्त तुमच्यावर."

"मला यातून वगळा. मी त्यांच्या विरुद्ध एकदा पक्षकार होते, तुम्हाला माहीत आहे."

तो वेगळ्याच, खालच्या आवाजात म्हणाला, "माहीत आहे. म्हणून मी नियम दोनदा वाचले. पक्षकार असू नये असं कुठं लिहिलेलं नाही. आणि बाई, एक सांगू? आपल्यापैकी कुणी त्या माणसाला पिंजऱ्यातून पाहिलेलं नाही. तुम्हीच पाहिलंय."

"वाचणार कोण?"

"समितीचे आम्ही पाच. बाहेर अवाक्षर जाणार नाही."

पाचही जणांना ती ओळखून होती. पाच जणांच्या पोटात गोष्ट राहते म्हणजे आठवड्याभरात ती चहाच्या कपाबरोबर बाररूममध्ये फिरते. तिनं बघते म्हणून फोन ठेवला. खिडकीखाली समोरच्या इमारतीचं रंगकाम करणारा माणूस दोरावर बसून तोच एक पट्टा पुन्हा पुन्हा रंगवत होता, आणि तिच्या मनात कोर्टाचा तो बिनखिडक्यांचा हॉल उघडत गेला. त्या काळात आयांच्या बाजूनं मुलांचा ताबा मिळवून देण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. उलटतपासणीत तिचा एक प्रश्न ठरलेला असे. समोर उभ्या बापाला ती दहा मिनिटं पगार, घर, शाळेची फी असल्या सोप्या रस्त्यानं चालवत न्यायची आणि मग सहज विचारल्यासारखं विचारायची, 'मुलाच्या बुटाचा नंबर काय हो?' दहातले आठ बाप तिथं अडखळत. नव्या पोरी तो प्रश्न वहीत उतरवून घेत. तिच्या स्वतःच्या खटल्यात नवऱ्याच्या बाजूनं घुम्या उठला, चष्मा कपाळावर सरकवला आणि सोपा रस्ता वगैरे काही न घेता पहिलाच प्रश्न विचारला, "आपल्या मुलाच्या बुटाचा नंबर?" न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं. प्रश्न कुणाचा आहे ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. त्या वर्षी ती रोज चौदा तास काम करत होती; बूट कामवाल्या बाईनं आणले होते, की नवऱ्यानं? "चार," ती म्हणाली. "सहा आहे," घुम्या म्हणाला, आणि ते त्यानं नोंदीसाठी म्हटलं नव्हतं. तिला माहीत असावं म्हणून सांगितल्यासारखं, अगदी हळू. मग त्यानं फाईलच्या खालून एक पिवळं, रेघांचं पान काढलं. ती रेघ आणि ते अक्षर तिनं दहा पावलांवरून ओळखलं.

ते पत्र तिचं होतं. मुलगा दोन वर्षांचा असताना अक्काला लिहायला घेतलेलं आणि कधीच न पाठवलेलं. 'अक्का, मी घरी पोचते तेव्हा तो दारातच माझ्या पायांना मिठी मारतो, आणि मला तिथल्या तिथं मागं वळून पळून जावंसं वाटतं. दिवसभर लोकांच्या मुलांसाठी भांडते आणि माझं स्वतःचं मूल अंगाला चिकटलं की मला श्वास घेता येत नाही. मला वाटतं मी आई व्हायलाच नको होतं.' असं आणखीही काहीबाही. ते कुठल्या कायद्याच्या पुस्तकात घालून ती विसरली, आणि नऊ वर्षांनी घरातली पुस्तकं वाटून घेताना ते नवऱ्याच्या हाती लागलं. जिन्यात भेटला तेव्हा तो म्हणाला होता, "तुझं पत्र वकिलाकडे दिलंय." तेवढंच. घुम्यानं ते पान टेबलावर पालथं ठेवलं, त्यावर पंजा ठेवला आणि तसाच उभा राहिला. किती वेळ? तिच्या हिशोबानं पंख्याची पाती मोजता येतील इतका. तिनं तेवढ्यात स्वतःची उलटतपासणी शब्दान्‌शब्द ऐकली: हे अक्षर आपलं? वाचता का मोठ्यानं? तिनंही हेच केलं असतं, त्याच्या जागी ती असती तर मुळीच सोडलं नसतं. घुम्या म्हणाला, "माझं झालं," आणि खाली बसला. न्यायाधीशांनी मुलाला आत बोलावून घेतलं. अकरा वर्षांचं पोर आत गेलं, वीस मिनिटांनी बाहेर आलं आणि कुणाकडेही न बघता बाकाच्या टोकावर जाऊन बसलं. ताबा बापाकडे गेला.

'दर दुसऱ्या शनिवारी सकाळी दहा ते रविवार संध्याकाळी सहा.' असली वाक्यं तिनं दुसऱ्यांसाठी शेकड्यांनी लिहिली होती, त्यांतल्या स्वल्पविरामांवर भांडली होती. त्या वाक्याच्या आत राहायला गेल्यावर तिला कळलं की शनिवारचे पहिले तीन तास मूल पाहुण्यासारखं सोफ्याच्या कडेवर बसतं, आणि रविवारी चारच्या पुढे त्याचं लक्ष बॅगेकडे असतं. मधे जे काही उरतं ते झोपेत जातं. ती उशाशी बसून राहायची. नंतर बापाची बदली झाली आणि दुसरा शनिवार सुट्टीतल्या दहा दिवसांवर आला. बुटांच्या दुकानासमोरून जाताना तिची चाल आपोआप हळू होई. सात, साडेसात, आठ. दर सुट्टीत तो आला की दाराशी काढून ठेवलेल्या बुटांच्या तळव्यावरचा आकडा ती चोरासारखी वाकून बघे. नवावर तो थांबला. मुलगा मोठा झाला होता. आता चोविसाचा आहे. दुसऱ्या शहरात लोकांचे कान तपासतो, कमी ऐकू येणाऱ्यांना यंत्रं बसवून देतो. दर रविवारी दहाला फोन करतो. बरी आहेस ना, बरी आहे, पाऊसपाणी, ऊन, गुडघा. पंधरा मिनिटांत संपतं. पत्राचा विषय कधी निघाला नाही. पण त्या सगळ्या वर्षांत, अगदी काहीच उरलं नाही असं वाटे तेव्हा, तिला त्या पालथ्या पंजाचा आधार वाटत आला होता. जगात कुणीतरी, तेही विरुद्ध बाजूच्या माणसानं, आपल्याला पुरतं ओळखून एकदा सोडून दिलं होतं. या गोष्टीची तिनं मनात इतकी ऊब धरली होती की घुम्या कॉरिडॉरमध्ये समोरून आला की ती मान खाली घालून पुढे जाई; न जाणो, बोलला आणि ती विझली तर.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती त्याला शोधायला निघाली. तो बाररूममध्ये नव्हता. शिपाई म्हणाला, "मुलांच्या खोलीत बघा. जेवणाच्या वेळी तिथंच असतात." वेगळ्या झालेल्या आईबापांनी मुलांना भेटायची ती खोली, भिंतीवर उडालेल्या रंगांचे हत्ती, एका चाकाची गाडी, झाकण हरवलेले रंगपेटीचे डबे. त्या दिवशी कुणाची भेट नव्हती. घुम्या लहान मुलाच्या लाल खुर्चीवर गुडघे हनुवटीशी आणून बसला होता आणि डबा मांडीवर ठेवून सावकाश जेवत होता. केस पार पांढरे झाले होते. तिला पाहून त्यानं उठायचा प्रयत्न केला, तो फसला.

"बसा, बसा," ती म्हणाली आणि दुसरी तसलीच खुर्ची ओढून बसली. दोन काळे कोट एवढ्याशा खुर्च्यांवर. तिला हसू यायला हवं होतं. "एक विचारायचं होतं. तेरा वर्षं राहिलंय."

"विचारा, मॅडम."

"ते पिवळं पान. तुम्ही वापरलं का नाहीत?"

कुठलं पान, असं त्यानं विचारलं नाही. डब्याचं झाकण लावलं, रुमालानं बोटं एकेक करून पुसली. "माझ्याकडे दर वर्षी दोन-तीन मुलं येतात. मुलं म्हणजे, अठरा-वीस वर्षांची झालेली. आईबाबांची फाईल बघायचीय म्हणतात. हक्क आहे त्यांचा, नक्कल मिळते. मग ती घरी नेत नाहीत. इथंच, जिन्यात बसून वाचतात. मी पाहिलंय त्यांना वाचताना." त्याच्या मानानं हे भाषणच झालं होतं. "फाईलला एकदा लागलेलं पान मरत नाही. म्हणून लावलं नाही."

"त्याच्यासाठी."

"त्याच्यासाठी. तुमच्यासाठी म्हटलं तर खोटं होईल. तुमचा तेव्हा मला रागच आला होता."

"का?"

"नंबर चुकलात म्हणून," घुम्या म्हणाला. "मी प्रश्न विचारला, पण मला वाटत होतं, तुम्ही तरी बरोबर सांगाल."

खोलीबाहेर कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला, दोनदा, मग दार लागलं. तिला वाटलं होतं विझेल, तशी ती ऊब विझली. पण तिच्या जागी गार पडलं नाही. उलट इतकी वर्षं ज्या बाजूनं ती त्या टेबलाकडे बघत आली होती, तिथून कुणीतरी तिला हाताला धरून उठवलं आणि दुसऱ्या बाजूला, रिकाम्या बाकाच्या टोकावर बसलेल्या पोराशेजारी आणून बसवलं. तिथून ती स्वतः लहान दिसत होती. निरी कललेली, हात कठड्यावर, 'चार' म्हणणारी.

"आणि पान?" तिनं विचारलं.

"पक्षकाराचं होतं, परत दिलं. फाडून टाका म्हणालो. फाडलं का, ते विचारलं नाही." मग उठता उठता, गुडघ्यावर हात टेकून, "विचारायला हवं होतं," असं तो स्वतःशीच म्हणाला.

चेंबरमध्ये आल्यावर तिनं दार लावून घेतलं. सोळाच्या आकड्यावर काट मारून सतरा लिहिलं. प्रसंगाच्या पानावर तिनं टंकायला ज्युनिअरला न देता हातानं लिहायला सुरुवात केली आणि लिहिताना तिच्या लक्षात आलं की गोलमाल भाषेत हे लिहिताच येत नाही. 'एक आक्षेपार्ह दस्तऐवज' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काय कळणार? पानात काय होतं ते सांगितल्याशिवाय ते पान न वापरणं म्हणजे काय, हे कुणाला समजणार नाही. म्हणून तिनं ते लिहिलं. मी आई व्हायला नको होतं, असं वाक्य माझ्या अक्षरात होतं. ते वाचलं गेलं असतं तर मी पुन्हा या व्यवसायात मान वर केली नसती, आणि माझ्या मुलाला ते कायमचं वाचता आलं असतं. त्यांनी यातल्या दुसऱ्या कारणासाठी ते वाचलं नाही. 'दुसऱ्या' या शब्दाखाली तिनं रेघ ओढली. खाली सही केली. पाकिटात घालून कडेला डिंक लावताना तिचा हात थबकला. परवापर्यंत हे पाच जण वाचतील. ज्या मुलाबद्दल ते पान आहे त्याला ठाऊक नसताना. ती उठून खिडकीशी गेली, परत आली, आणि बुधवारी दुपारी पावणेदोनला, कधीच करत नसे अशा वेळी, तिनं मुलाला फोन लावला.

"काय झालं?" त्यानं पहिल्या घंटेलाच उचलून विचारलं. "बरी आहेस ना?"

"बरी आहे. कामात आहेस?"

"दोनला एक आजी यायच्यात. बोल ना."

तिनं शंभर वेळा दुसऱ्यांना शिकवलं होतं: मुलांना सांगताना थोडक्यात सांगा, स्वतःची बाजू मांडू नका. "तू दोन वर्षांचा असताना मी अक्काला एक पत्र लिहिलं होतं," ती म्हणाली. "पाठवलं नाही. त्यात तुझ्याबद्दल वाईट लिहिलंय. म्हणजे माझ्याबद्दल. ते तुझ्या बाबांकडे होतं. आता एका कामासाठी मला त्याबद्दल पाच लोकांना सांगावं लागतंय, तर मला वाटलं, आधी तुला…"

"पिवळं पान," तो म्हणाला.

तिला खुर्ची कुठं आहे ते सापडेना. टेबलाच्या कडेवर ती टेकली. "कधी?"

"सोळाचा होतो. बाबांचं कपाट आवरत होतो."

"काही बोलला नाहीस."

"तू पण नाही बोललीस," तो म्हणाला. त्यात धार नव्हती. बंद खोलीतून बोलताना येतो तसा त्याचा आवाज अगदी जवळून येत होता. कान तपासायच्या त्या गादी लावलेल्या खोलीत जाऊन बसला असावा. "आधी खूप राग आला. मग मी ते काढून घेतलं. बाबांना माहीत नाही."

"फाडलंस?"

"नाही. आहे माझ्याकडे. मधे मधे वाचतो." तो जरा घुटमळला. "तुला आठवतंय ते कसं संपतं?"

"मी आई व्हायला नको होतं, असं."

"त्याच्यानंतर. खाली आणखी आहे. तू लिहिलंयस, 'पण एक सांगते अक्का, आज सकाळी तो'. मग काही नाही. मग बाजूला बारीक अक्षरात, 'उठला वाटतं, रडतोय, आलेच.' बस. तिथंच संपतं." त्यानं श्वास घेतलेला तिला ऐकू आला. "आज सकाळी तो काय?"

तिनं डोळे मिटले. ते घर, स्वयंपाकघरातलं टेबल, पुस्तकांच्या चळतीतून मोकळी केलेली वीतभर जागा, हे सगळं आलं. उन्हाचा तुकडा आला. पलीकडच्या खोलीतलं ते रडणं, आधी कुरकुर आणि मग एकदम मोठं, तेही आलं, आणि पेन ठेवून उठताना टेबलाला लागलेला गुडघासुद्धा. सकाळ मात्र येईना. त्या दिवशी सकाळी दोन वर्षांच्या त्या पोरानं काहीतरी केलं होतं, म्हटलं होतं, हातात आणून दिलं होतं. आणि ते तिला इतकं लागलं होतं की तेवढ्यासाठी ती सगळ्या पत्राला 'पण' म्हणायला निघाली होती. एखादं वाक्य जुळवणं तिला जड नव्हतं. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या तोंडी अशी वाक्यं दिली होती, न्यायाधीशांचे डोळे भरून येतील अशी. आज सकाळी तो माझ्याकडे बघून हसला. आज सकाळी तो पहिल्यांदा आई म्हणाला. मुलगा वाट बघत होता. इतकी वर्षं कुणी तिच्या उत्तराची अशी वाट पाहिली नव्हती.

"आठवत नाही रे," ती म्हणाली.

"काहीच?"

"नाही. खोटं सांगू का काहीतरी?"

तो हसला, नाकातून, थोडंसंच. "नको." मग पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, कुणीतरी त्याला सर म्हणालं, आणि तो घाईनं म्हणाला, "आजी आल्या. ठेवतो. आणि ऐक, आठवलं तर रविवारची वाट बघू नकोस. कधीही कर."